मुक्या वेदनेचे प्रमाण

निष्पाप बालकाच्या वाट्याला दुःख का यावे, हा प्रश्न जगातील बहुतेक धर्मविचारांनी विचारला आहे आणि आपापल्या परीने त्याचे उत्तरही दिले आहे. परंतु जे बालक बोलू शकत नाही, किंवा कालपर्यंत बोलत होते आणि आज बोलेनासे झाले आहे, त्याला या क्षणी दुखते आहे हे इतरांनी कशावरून ओळखावे, हा दुसरा प्रश्न मात्र तत्त्वचिंतकांनी बहुधा वैद्यांकडे सोपवून दिला. दुर्मीळ आनुवंशिक चयापचय-विकार घेऊन जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की पहिल्याला घाईने दिलेले उत्तर दुसऱ्याचा विचारच थांबवते, आणि एकदा दुःखाचे कारण दैवात सापडले की ते दुःख मोजण्याची व उतरवण्याची निकड आपोआप ओसरते. ही ओसर धर्मविचाराला अपरिहार्य आहे काय, याचा शोध भारतीय दर्शनांच्या आणि वैद्यकग्रंथांच्याच आधारे घेता येतो.

चयापचय म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे शरीरद्रव्यांत रूपांतर करण्याची आणि वापरून झालेल्या द्रव्यांची विल्हेवाट लावण्याची अखंड रासायनिक क्रिया होय, आणि तिची जवळजवळ प्रत्येक पायरी एंझाइम नावाच्या एखाद्या विशिष्ट प्रथिनावर अवलंबून असते. लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये, ज्यात रुग्णाची लघवी हवेत काळी पडते त्या अल्काप्टोन्यूरिया या विकाराचा अभ्यास करताना, प्रत्येक माणसाची रासायनिक घडण थोडी निराळी असते असा विचार मांडला, आणि १९०८ मधील व्याख्यानांत अशा विकारांना जन्मजात चयापचय-दोष म्हणून एकत्र आणले. त्यांपैकी एका मोठ्या गटात बिघाड लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतील टाकाऊ द्रव्यांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये असतो. ज्या द्रव्याचे विघटन व्हायचे ते होत नाही, ते वर्षानुवर्षे साठत राहते, आणि साठा कोठे होतो त्यावर वेदनेचे रूप ठरते.

गोशे रोगात मेदद्रव्याने फुगलेल्या पेशी अस्थिमज्जेत दाटतात, हाडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मूल ताप व तीव्र अस्थिवेदनेने अनेक दिवस अंथरुणाला खिळते. वैद्यकात याला अस्थिसंकट म्हणतात. फॅब्री रोगात हातापायांच्या तळव्यांची आग होते, ती ताप, ऊन आणि खेळ यांनी भडकते, आणि इजा अतिशय बारीक चेतातंतूंना झालेली असल्याने नेहमीची चेता-तपासणी निर्दोष येते. त्यामुळे अशा मुलाला ‘वाढीचे दुखणे आहे’ किंवा ‘शाळा चुकवायला निमित्त करतो’ असे वर्षानुवर्षे ऐकावे लागते. म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिस या विकारसमूहात सांधे आखडतात, खुब्याचे सांधे बिघडतात, मनगटातील चेता दबते. पण मूल ‘हात दुखतो’ असे सहसा म्हणत नाही, ते रात्री दचकून उठते, बोटे चावते, हातातील वस्तू टाकते. याच समूहातील सॅनफिलिपो विकारात आधी शिकलेली भाषाच नाहीशी होत जाते. क्रॅब रोगाचे अर्भक पहिल्या काही महिन्यांतच कशानेही न शमणारे रडणे रडू लागते आणि त्याचे हातपाय ताठ होत जातात. या साऱ्या मुलांत वेदना आहे, परंतु तिची वार्ता पोहोचवण्याचा नेहमीचा मार्ग कोठे अर्धवट आहे, कोठे बंद आहे, आणि कोठे उघडा असूनही त्यावर विश्वास ठेवला जात नाही.

दुःख हा आत्म्याचा गुण असून तो ज्याचा त्यालाच मनाच्या द्वारे प्रत्यक्ष कळतो, इतरांना त्याचे केवळ अनुमान करता येते, ही न्याय-वैशेषिकांची भूमिका प्रसिद्ध आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात या अनुमानाचा एक विलक्षण वापर आढळतो: नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाच्या ठिकाणी हर्ष, भय आणि शोक दिसतात, या जन्मात त्यांची कारणे त्याने अनुभवलेली नाहीत, म्हणून पूर्वजन्मीच्या अनुभवाची स्मृती आणि तिच्या आधारे आत्म्याचे नित्यत्व मानले पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. त्यावर प्रतिपक्षी म्हणतो की अर्भकाच्या मुद्रेतील बदल म्हणजे कमळाच्या उमलण्या-मिटण्यासारखा निव्वळ विकार आहे, त्यामागे कोणताही अनुभव शोधण्याचे कारण नाही. आणि नैयायिक उत्तर देतो की कमळातील विकार ऊन, थंडी, पाऊस अशा निमित्तांनी घडतात, बालकाच्या हर्षशोकाची जात ती नव्हे. पुनर्जन्माचा निष्कर्ष एखाद्याला पटो वा न पटो, अर्भकाचा चेहरा हा अनुभवाचा साक्षीदार आहे की केवळ हालचाल आहे, हा वाद येथे स्पष्ट उभा राहिलेला दिसतो. विसाव्या शतकातील वैद्यकाने दीर्घकाळ कमळाची बाजू घेतली. नवजात बालकाची मज्जासंस्था अपक्व असते, त्याचे आक्रसणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि भूल देण्याचा धोका मात्र खरा आहे, या समजुतीमुळे १९८० च्या दशकापर्यंत अनेक पाश्चात्त्य रुग्णालयांत नवजात अर्भकांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत असत. भारतातून ऑक्सफर्डला गेलेले वैद्य के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या अकाली जन्मलेल्या बालकांच्या शरीरातील ताणाची प्रतिक्रिया कमी राहते आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. एवढ्या साध्या गोष्टीला प्रमाणाची जोड मिळण्यास इतका काळ लागावा, ही आधुनिक वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत क्लेशदायक बाब आहे.

या चुकीचे तार्किक स्वरूप मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी फार नेमके उकलून ठेवले आहे. एखादी वस्तू नाही हे ज्ञान अनुपलब्धीने, म्हणजे ती न आढळण्यामुळे होते; परंतु न आढळणे हे नसण्याचे प्रमाण तेव्हाच ठरते, जेव्हा ती वस्तू असती तर आढळलीच असती अशी परिस्थिती असते. उजेडातल्या मोकळ्या जमिनीवर घट दिसत नाही म्हणून घट नाही असे म्हणता येते, अंधारात तसे म्हणता येत नाही. या अटीला योग्यानुपलब्धी असे नाव आहे. ‘मूल तक्रार करत नाही, म्हणून त्याला दुखत नाही’ हे वाक्य या कसोटीवर लगेच कोसळते, कारण सॅनफिलिपोच्या मुलाला वेदना असती तर त्याने ती सांगितलीच असती, असे म्हणण्याची सोय नसते. फॅब्रीच्या मुलाच्या बाबतीत ‘तपासणीत काही निघाले नाही’ या वाक्याचीही तीच गत होते, कारण ती तपासणी जाड चेतातंतूंची असते आणि इजा बारीक तंतूंना झालेली असते. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये स्वीकारलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारताना, शब्दांत सांगता न येणे हे वेदना नसल्याचे लक्षण मानता येत नाही, अशा आशयाची टीप तिला जोडली. योग्यानुपलब्धीचा विचारच तेथे वेगळ्या वाटेने येऊन पोहोचला आहे.

मग प्रमाण कशात शोधावे, याचे उत्तर देणारा सर्वांत जिव्हाळ्याचा भारतीय ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून उपलब्ध झालेल्या या बालवैद्यकाच्या ग्रंथात वेदनाध्याय नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात वृद्धजीवक आपल्या गुरूला हेच विचारतो की बोलता न येणाऱ्या बालकांच्या वेदना वैद्याने कशा ओळखाव्यात. कश्यप एकेका दुखण्याची देहभाषा सांगतो: डोके दुखत असेल तर बालक डोके सारखे हलवते, डोळे मिटून घेते, रात्री कण्हते, कान दुखत असेल तर हातांनी कानाला स्पर्श करते, त्याला दूध नको होते, झोप लागत नाही, पोटात कळ असेल तर स्तन सोडून रडते, त्याचे पोट ताठ होते. आज बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या वेदनामापन-पद्धतींत चेहरा, पाय, एकूण हालचाल, रडणे आणि शांतवता येणे या पाच बाबींना गुण दिले जातात, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी सुधारलेल्या आवृत्तीत त्या विशिष्ट मुलाच्या खास खुणा पालकांना विचारून नोंदवल्या जातात. दोन्हींतील धारणा एकच आहे, ती अशी की वर्तन हीच साक्ष मानावी आणि ती वाचण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकावी. सॅनफिलिपोचे मूल एकाएकी ओरडू लागले, स्वतःला मारू लागले, तर ‘रोगच असा आहे’ म्हणून हात झटकण्यापूर्वी कान, दात, खुबा, आम्लपित्त आणि बद्धकोष्ठ तपासावे, असा जो आग्रह आजचे जाणते बालवैद्य धरतात, तो कश्यपाच्या अध्यायाला अजिबात परका वाटला नसता.

पालकांच्या शब्दाचे स्थानही येथे ठरवावे लागते. न्यायदर्शनात आप्तवाक्य हे स्वतंत्र प्रमाण आहे, आणि आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा मनुष्य. भाष्यकार वात्स्यायन तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असे म्हणतो. दिवसरात्र मुलाला हाताळणाऱ्या, कदाचित अक्षरओळख नसलेल्या आईचे ‘आजचे रडणे नेहमीचे नाही’ हे वाक्य या व्याख्येत पूर्णपणे बसते, आणि वैद्याने ते भावनेचा उमाळा म्हणून बाजूला सारणे हा प्रमाणाचा अव्हेर ठरतो. तरीही शंका उरली, तर चरकाने दाखवलेला मार्ग मोकळा आहे: ज्या रोगाची लक्षणे गूढ असतात त्याची परीक्षा उपशय आणि अनुपशय यांनी, म्हणजे औषधाने उतार पडतो की नाही हे पाहून करावी. संशयित वेदनेवर मोजक्या मात्रेत वेदनाशामक देऊन वर्तन निवळते का ते पाहणे, हा आज मान्य असलेला उपाय याच जातीचा आहे.

येथपर्यंतचा विचार ज्ञानाचा झाला. अडसर बहुधा याच्या पलीकडे, कर्मविचारात असतो. हे विकार बहुतांशी अप्रभावी रीतीने संक्रमित होतात, म्हणजे आई आणि वडील दोघेही निरोगी असून सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात आणि प्रत्येक गर्भारपणात बालकाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यात लग्न झाले असेल, उदाहरणार्थ मामेबहिणीशी, तर एकाच पूर्वजाकडून आलेला दोष दोघांत असण्याचा संभव वाढतो. म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिस समूहातील हंटर विकार आणि फॅब्री रोग यांत दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो आईकडून मुलग्याकडे येतो, आणि घरात बोट दाखवायला तेवढे निमित्त पुरते. पूर्वजन्मीचे पाप, कुळाचा शाप, आईचे भोग ही भाषा जेथे बोलली जाते तेथे मुलाच्या वेदनेला एक आशय मिळतो, आणि आशय मिळालेली वेदना सोसण्यायोग्य, क्वचित सोसलीच पाहिजे अशी, वाटू लागते. परंपरेतील सर्वांनी हे मान्य केले होते असे समजणे मात्र चुकीचे आहे. सुश्रुताने रोगांचे सात वर्ग केले, त्यांत मातापित्यांच्या बीजदोषांतून येणाऱ्या आदिबलप्रवृत्त रोगांचा वर्ग दैवबलप्रवृत्त वर्गाहून निराळा ठेवला. चरकाच्या विमानस्थानात आत्रेय अग्निवेशाला सांगतो की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर ठरते, आणि सगळे आधीच ठरलेले असते तर औषधोपचारांना काही प्रयोजनच राहिले नसते. पाली संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत कसे आहे. त्यावर बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण आणि आघात ही कारणे गणतो, कर्मविपाकाला त्यांच्या रांगेत आठवे स्थान देतो, आणि सर्व काही पूर्वकर्माचेच मानणारे लोक स्वतःला व जगाला ज्ञात असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात असे सांगतो.

महाराष्ट्रात या विचाराला सर्वांत धारदार रूप बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ते पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशिकतेच्या शास्त्राशी ताडून पाहतात: बालकाचे शरीर मातापित्यांपासून घडते, मग बाहेरून आलेल्या कर्माला त्यात शिरायला जागा कोठे, असा त्यांचा रोख आहे, आणि अशा सिद्धान्ताचा उपयोग गरीब व दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळण्यापलीकडे काय असू शकतो, असे ते विचारतात. हा प्रश्न जातिव्यवस्थेच्या संदर्भात विचारलेला असला तरी तो रोगी बालकाच्या खाटेशीही तितकाच लागू पडतो. कर्मसिद्धान्तावर श्रद्धा ठेवणाऱ्याने ती सोडलीच पाहिजे असे येथे म्हणायचे नाही; एवढेच की तो सिद्धान्त खरा मानला तरी तो भूतकाळाविषयी बोलतो, आणि खाटेशी उभ्या असलेल्या माणसाचे कर्म अजून व्हायचे असते.

सोसण्याच्या उपदेशाचाही निवाडा परंपरेच्या अटींवरच करता येतो. वेदान्तात तितिक्षा, म्हणजे दुःखाचा प्रतिकार वा विलाप न करता ते सहन करणे, ही साधकाच्या षट्संपत्तीतील एक संपत्ती आहे. पण साधनेला अधिकारी लागतो, आणि अधिकारी तोच, ज्याला नित्य काय व अनित्य काय याचा विवेक झाला आहे आणि ज्याने मोक्षाची इच्छा धरून ही वाट स्वतः निवडली आहे. तीन वर्षांच्या मुलाला हे दुःख येते तसे जातेही असे स्वतःला समजावता येत नाही. गीतेतील तो विचार ज्याला सांगितला गेला तो प्रौढ, प्रश्न विचारू शकणारा योद्धा होता. बौद्ध सूत्रात शरीराच्या वेदनेला पहिला बाण आणि मनाच्या तडफडीला दुसरा बाण म्हटले आहे, व ज्ञानी पुरुषाला दुसरा लागत नाही असे सांगितले आहे. बुद्धी क्षीण होत चाललेल्या मुलाला भविष्याची चिंता नसते, म्हणून त्याला दुसरा बाण लागत नाही व त्याचे दुःख कमी असते, असे समाधान काही जण करून घेतात. पण ज्याला वेदनेचा शेवट कल्पिता येत नाही त्याच्यासाठी पहिल्या बाणाला कडाच राहत नाही. एकाने दुसऱ्याच्या वतीने तितिक्षा स्वीकारणे याला कोणत्याही दर्शनात साधना म्हटलेले नाही.

मॉर्फिनबद्दलची भीती हा या विषयाचा व्यावहारिक गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनेसाठी दोनच पायऱ्या सांगितल्या, सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन आणि मध्यम ते तीव्र वेदनेला मॉर्फिनसारखे औषध. मधली कोडीनची पायरी काढून टाकण्यात आली, कारण कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करणारे एंझाइम काही मुलांत मंद आणि काहींत धोकादायकरीत्या वेगवान असते, म्हणजे गॅरड यांना दिसलेले रासायनिक निराळेपण येथेही आडवे येते. चेतावेदनेला गॅबापेंटिनसारखी निराळी औषधे लागतात, ताठरलेल्या स्नायूंना आणखी निराळी. वैद्याची सावधगिरी प्रत्येक वेळी निष्ठुरता असते असेही नाही: म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिसच्या मुलांचा श्वासमार्ग साठलेल्या द्रव्याने अरुंद झालेला असतो, मानेचे मणके अस्थिर असू शकतात, आणि गुंगी आणणारे कोणतेही औषध तेथे जपून, अनुभवी हातांनीच द्यावे लागते. अखेरच्या अवस्थेत मात्र ‘औषधाने आयुष्य कमी झाले तर पाप लागेल’ ही शंका पालकांना छळते. बाराव्या पायस या पोपने फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना, हेतू वेदना शमवण्याचाच असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरी असे औषध देणे योग्य आहे, असा निर्वाळा दिला होता. कर्माचे मोल हेतूवर ठरवणाऱ्या बौद्ध विचारालाही हा निर्वाळा अवघड वाटू नये. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक परवान्यांनी मॉर्फिन रुग्णांपासून दूर नेले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट कायद्यापुरती सोपी केली. मनांतील वाट अजून तेवढी सोपी झालेली नाही.

सांख्यकारिकेचा आरंभच दुःखाच्या आघातातून होतो, आणि लगेच आक्षेप येतो की औषधासारखे दृष्ट, म्हणजे डोळ्यांसमोरचे उपाय असताना तत्त्वजिज्ञासा कशाला. उत्तर असे की दृष्ट उपाय निश्चित नसतात आणि कायमचेही नसतात. हे उत्तर वाचून अनेकांनी औषधाकडे तुच्छतेने पाहिले, परंतु कारिकेने दृष्ट उपायांची मर्यादा सांगितली आहे, त्यांचा निषेध केलेला नाही. या विकारांतील उपचार नेमके तसेच, अनिश्चित आणि अपुरे आहेत. बाहेरून दिलेले एंझाइम गोशे रोगातील अस्थिसंकटे काळानुरूप कमी करते, पण शिरेतून दिलेले एंझाइम रक्तातून मेंदूत पुरेसे शिरत नाही, म्हणून मेंदूची हानी त्याने थांबत नाही. मात्रा वजनावर ठरत असल्याने मूल वाढते तसा खर्चही वाढत जातो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणाने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासह काही उत्कृष्टता केंद्रे नेमली आणि २०२२ पासून प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली, तरी आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराला ती रक्कम कितपत पुरणार हे उघड आहे. या मोठ्या आकड्यांच्या चर्चेत वेदनाशमन दुय्यम ठरते, वास्तविक तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे आणि मूळ रोगावर काहीच इलाज नसतानाही ते देता येते.

योगसूत्रे सांगतात की टाळायचे ते अजून न आलेले दुःख. हंटर विकाराच्या मुलाला एंझाइमसाठी दर आठवड्याला, गोशे आणि फॅब्रीच्या मुलांना दर पंधरवड्याला शिरेत सुई घ्यावी लागते. त्वचा बधिर करणारे मलम सुमारे तासभर आधी लावले तर त्या सुईची वेदना बरीच कमी होते, आणि तो तास राखून ठेवणे हे रुग्णालयाच्या वेळापत्रकाचे काम आहे. सॅनफिलिपोच्या मुलाच्या बाबतीत आगामी दुःखाची तयारी याहून निराळी असते: त्याची भाषा शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच ओसरू लागते, म्हणून निदान होताच पालकांनी आणि वैद्यांनी मिळून एक वही सुरू करावी आणि दुखले की हे मूल काय म्हणते, कोठे हात नेते, कोणत्या आवाजात रडते, कशाने शांत होते, हे ते अजून सांगू शकत असताना त्याच्या शब्दांसह त्या वहीत लिहून ठेवावे. पुढे शब्द उरले नाहीत, नवे डॉक्टर आले, आई आजारी पडली, तरी त्या नोंदीमुळे त्या मुलाच्या वेदनेविषयीचे पहिले आप्तवाक्य त्याचे स्वतःचेच राहते.